आमची टीम पैसे का खर्च करत नाही? पिट्सबर्गच्या एका चाहत्याचा हिवाळा

(या भागात बोललो त्याचा हा मजकूर. बोलीतला आहे, तसाच ठेवलाय. ऐकायला वेळ नसेल तर लोकलमध्ये, बसमध्ये वाचा.)

आज क्रिकेट नाही, बेसबॉल. थांबा, लगेच बंद करू नका. बेसबॉलचा एकही नियम माहीत नसला तरी चालेल. आजचा विषय मैदानावरचा नाहीच. मॅच नसतात त्या चार-पाच महिन्यांत काय होतं, त्याबद्दल बोलायचंय. ऑफसीझन. टीमने कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणावर किती पैसे लावायचे हे सगळं तेव्हा ठरतं. आणि चाहता घरात बसून फोनवर बातम्या रिफ्रेश करत राहतो.

हार्दिक पंड्याला गुजरातमधून परत आणून मुंबईने कॅप्टन केलं आणि रोहितला बाजूला केलं, आठवतंय ना? 2024 साली वानखेडेवर स्वतःच्याच कॅप्टनची हुर्यो उडवली होती लोकांनी. तो राग साधारण एक सीझन चालला. मी ज्या रागाबद्दल सांगणार आहे तो पिट्सबर्गमध्ये तीस वर्षं मुरतोय. लोणच्यासारखा.

मी मूळचा सांगलीचा. 2014 च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला पिट्सबर्गला आलो आणि इथलाच झालो. इथल्या बेसबॉल टीमचं नाव पायरेट्स. हे नाव मी भारतातच ऐकलं होतं, एका सिनेमामुळे. 'मिलियन डॉलर आर्म' म्हणून होता, त्याच वर्षी आलेला. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं. एका टीव्ही स्पर्धेतून निवडली गेली आणि 2008 मध्ये त्यांना करार दिला तो पायरेट्सनेच. (केकेआरचा पाच सिक्सवाला रिंकू वेगळा. दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून सांगून टाकलं.) मुख्य संघापर्यंत दोघंही पोहोचले नाहीत, पण मला वाटलं, चला, ओळखीचं काहीतरी आहे.

पहिल्यांदा स्टेडियमला गेलो 2015 च्या एप्रिलमध्ये. पीएनसी पार्क. मॅचच्या दिवशी नदीवरचा रॉबर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि लोक चालत पूल ओलांडून जातात. पिवळे-काळे टीशर्ट, पोरं खांद्यावर, कुठेतरी ढोल वाजतोय. मला तर जत्रेला चालल्यासारखंच वाटलं. आत बसलं की समोर अॅलेगनी नदी, पलीकडे शहराच्या उंच इमारती. मध्येच पिएरोगींची शर्यत होते. पिएरोगी म्हणजे आपली करंजीच, फक्त आत बटाटा. त्या करंज्यांचे मोठे पोशाख घालून माणसं मैदानावर पळतात. मी म्हटलं, हे आपलं गाव.

आणि टीम कशी होती तेव्हा! 162 मॅचपैकी 98 जिंकल्या त्या वर्षी. अँड्र्यू मॅककचन होता, 2013 चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. गेरिट कोल होता, तरुण, आग ओकणारा पिचर. जवळपास 25 लाख लोक त्या वर्षी स्टेडियमला येऊन गेले.

माझ्या शेजारी एक काका राहतात. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. सत्तरी ओलांडलीय. मला बेसबॉल शिकवला तो त्यांनी. म्हणजे कसं? एक वही आणि पेन्सिल घेऊन. प्रत्येक बॉलची नोंद करायची. त्यांच्याकडे अशा वह्यांचं एक अख्खं कपाट आहे. 1992 ची शेवटची मॅचही त्यात आहे, आणि ते पान ते उघडत नाहीत. 14 ऑक्टोबर 1992. फायनलला जायला एक आऊट बाकी होता. अटलांटाच्या खेळाडूने फटका मारला, डावीकडून बॅरी बाँड्सने बॉल फेकला आणि एकेकाळी पायरेट्सचाच असलेला सिड ब्रीम घसरत घसरत होम प्लेटला पोहोचला. संपलं. त्या हिवाळ्यात बाँड्स 6 वर्षांचे 4 कोटी 37 लाख डॉलर घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला. आणि पायरेट्स त्यानंतर सलग 20 सीझन जिंकल्या त्याहून जास्त मॅच हरले. अमेरिकेच्या मोठ्या खेळांत इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमने पाहिलेला नाही.

2013 मध्ये तो संपला. 21 वर्षांनी प्लेऑफ. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यांत. समोरच्या पिचरचं नाव जॉनी क्वेटो. चाळीस हजार लोक सूर लावून त्याचं नाव ओरडायला लागले आणि त्याच्या हातातून बॉल खाली पडला. पुढच्याच बॉलला रसेल मार्टिनने होमरन मारला. काका त्या मॅचला होते. ते सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो.

तर मी आलो तो अशा वेळी. मला वाटलं, ही टीम अशीच असते.

2015 मध्ये प्लेऑफची एकच मॅच, शिकागो कब्जशी, आपल्याच मैदानावर. 4-0 ने हरलो. काइल श्वार्बर नावाच्या पोराने कोलला दोन रनांचा होमरन मारला. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

ठीक आहे. हरलो. 98 मॅच जिंकणारी टीम एक मॅच हरली. आता हिवाळ्यात काय करायचं? माझ्यासारख्या नवख्यालाही कळत होतं की अजून थोडी भर घालायची. आणि मग मी माझा पहिला पायरेट्स ऑफसीझन पाहिला.

नील वॉकर पिट्सबर्गमध्येच वाढलेला, इथल्याच शाळेत खेळलेला, गावातला पोरगा. त्याला डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सला देऊन टाकला. बदल्यात जॉन नीस नावाचा पिचर. जे. ए. हॅप सीझनच्या मध्यावर आला होता आणि अफाट खेळला होता. त्याला टोरोंटोने 3 वर्षांचे 3 कोटी 60 लाख डॉलर दिले. बेसबॉलच्या हिशोबात ही काही फार मोठी रक्कम नाही. आम्ही नाही दिले. त्याच्या जागी वयस्कर रायन व्होगेलसाँग आणला, स्वस्तात. पहिल्या बेसवर पेद्रो अल्वारेझला सोडलं आणि जॉन जेसोला 2 वर्षांसाठी घेतलं.

पुढच्या वर्षी काय झालं ऐका. हॅपने टोरोंटोसाठी 20 मॅच जिंकल्या आणि 4 हरल्या. नीस आमच्याकडे इतका वाईट खेळला की ऑगस्टमध्ये त्याला मेट्सलाच परत पाठवला. म्हणजे साडी बदलायला गेलो आणि दुकानदाराने तीच साडी परत घेतली, पण आपली जुनी गेली ती गेलीच. टीम 78 जिंकली, 83 हरली. प्लेऑफ नाही. त्यानंतर 2025 संपेपर्यंत एकदाही नाही.

मी काकांना विचारलं होतं, "असं का केलं असेल?" ते म्हणाले, "हिशोब जुळत होता म्हणून." मला तेव्हा ते कडवट वाटलं. आता वाटतं, ते फक्त माहिती देत होते.

आता हा हिशोब काय असतो ते सांगतो. थोडं रटाळ आहे, पण राग समजायचा तर हे कळायला हवं.

आयपीएलमध्ये प्रत्येक टीमला सारखीच पर्स. 2025 च्या मोठ्या लिलावाला 120 कोटी रुपये, मुंबईला तेवढेच आणि लखनौलाही तेवढेच. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. ठरावीक आकड्याच्या वर गेलात तर दंडासारखा कर भरा, बास. लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओहतानीला 10 वर्षांचे 70 कोटी डॉलर कबूल केले. मेट्सने हुआन सोतोला 15 वर्षांचे साडेशहात्तर कोटी. 2025 मध्ये या दोन्ही टीमचा पगारखर्च 30 कोटी डॉलरच्या वर होता. पायरेट्सचा 10 कोटींच्या आत. 2025 संपेपर्यंत पायरेट्सच्या सगळ्या इतिहासात 10 कोटींच्या वरचा करार एकाच खेळाडूला मिळाला होता, ब्रायन रेनॉल्ड्सला, 2023 मध्ये, 8 वर्षांसाठी.

वर मर्यादा नाही तशी खालीही नाही. किमान अमुक इतका खर्च कराच, असं कुणी सांगत नाही. आणि प्रत्येक क्लब आपल्या स्थानिक कमाईचा 48 टक्के हिस्सा एका सामाईक हंड्यात टाकतो. तो हंडा तीसही क्लबांत सारखा वाटतात. देशभरच्या टीव्हीचे पैसेही सारखेच वाटले जातात. म्हणजे छोट्या शहराच्या टीमला डॉजर्स, यांकीजच्या कमाईतून पैसे येतात. ते खेळाडूंवरच खर्च व्हावेत अशी अपेक्षा असते. झाले का, यावरून 2018 मध्ये खेळाडूंच्या युनियनने चार क्लबांविरुद्ध तक्रार केली होती. त्यात पायरेट्स होते.

आता चाहत्याच्या बाजूने बघा. दुकानदार वाईट माल देतो, आपण जाणं बंद करतो, तो सुधारतो. इथे आपण जाणं बंद केलं तरी हंड्यातून पैसे येतच राहतात. तुमचा बहिष्कार लागतो, पण फार जोरात लागत नाही. लागतो तो तुम्हालाच. एप्रिलमधली पुलावरची ती संध्याकाळ तुमची जाते.

खेळाडूंचा भाग याहून तिरपा आहे. नवा खेळाडू आला की पहिली साधारण तीन वर्षं त्याला जवळपास किमान पगार. 2025 मध्ये तो 7 लाख 60 हजार डॉलर होता. (हो, मला माहितीये, सांगलीत बसून हे ऐकताना 'बिचारा' म्हणवत नाही.) मग तीन वर्षं लवादाने ठरवलेला पगार. सहा वर्षं पूर्ण झाली की तो मोकळा, कुणाशीही करार करू शकतो. म्हणजे खेळाडू उत्तम आणि स्वस्त असा एकाच वेळी असतो तो पहिल्या काही वर्षांत. श्रीमंत क्लबला याने फरक पडत नाही. पण ज्याला खर्च टाळायचाय त्याचं चक्र यातून ठरतं: पोरगा घडवायचा, सहावं वर्ष यायच्या आत विकायचा, बदल्यात चार कोवळी पोरं घ्यायची. आंब्याचं झाड आम्ही लावायचं, पाणी आम्ही घालायचं आणि पाड लागला की पेटी दुसऱ्याच्या गावाला.

2018 च्या जानेवारीत हेच झालं. 13 तारखेला कोल ह्यूस्टनला. 15 तारखेला मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. दोन दिवसांत दोघं. बाहेर बर्फ पडत होतं. काका दारात उभे होते, हातात फावडं, आणि बर्फ न काढता नुसतेच उभे. त्या आठवड्यात त्यांनी सीझनची तिकिटं सोडली. हजारो लोकांनी मालक बॉब नटिंग यांनी टीम विकावी म्हणून ऑनलाइन सह्या केल्या. नटिंग 2007 पासून मुख्य मालक आहेत आणि विकायचं नाही असं ते सांगत आलेत. कोलला दोन वर्षांनी यांकीजनी 32 कोटी 40 लाख डॉलर दिले.

आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी जुलैमध्ये टीमने एकदाच धाडस केलं. क्रिस आर्चर नावाचा पिचर आणायला टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ अशी तीन पोरं देऊन टाकली. आर्चर चालला नाही. त्या तिघांनी पुढे नाव काढलं. इकडे अजून कुणी 'जरा धाडस करा' म्हटलं की दुसरा म्हणतो, "आर्चर आठवतो का?" कंजुषी करून हात पोळला आणि उदारपणा करूनही.

मालकांची बाजूही सांगायला हवी. पिट्सबर्ग छोटं शहर आहे. न्यूयॉर्कएवढे प्रेक्षक, तेवढे टीव्हीचे पैसे इथे कधीच येणार नाहीत, हे खरंच आहे. त्यात आमच्या जुन्या स्थानिक स्पोर्ट्स चॅनेलच्या मालकांनीही 2023 मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. पण मग मिलवॉकीचं काय? ते पिट्सबर्गहूनही छोटं मार्केट. 2025 मध्ये त्यांनी 97 मॅच जिंकल्या, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. आणि याच पिट्सबर्गात स्टीलर्सनी सहा सुपर बोल आणलेत, पेंग्विन्सनी पाच स्टॅनली कप. तेच शहर, तेच पिवळे-काळे रंग. फुटबॉल आणि आइस हॉकीत पगाराला वरची मर्यादा आहे, तशी खालचीही आहे. त्यामुळे इथला माणूस 'छोट्या गावाला हरायचंच असतं' हे मान्य करत नाही. त्याने तीन घरं सोडून जिंकताना पाहिलेलं असतं.

आता आजच्या गोष्टीवर येतो. पॉल स्कीन्स.

2023 च्या ड्राफ्टमध्ये पायरेट्सनी त्याला पहिला निवडला. मे 2024 मध्ये मुख्य संघात आला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू. 2025 मध्ये साय यंग, म्हणजे लीगचा सर्वोत्तम पिचर, आणि एकमताने. त्याच्या नावावर सरासरी नऊ इनिंगला दोनाहून कमी रन लागले, 1.97. आणि त्याचा विक्रम काय, तर 10 विजय आणि 10 पराभव. जगातला सर्वोत्तम पिचर आणि निम्म्या निर्णयांत हरलेला! कारण आमचे बॅटर रनच काढत नव्हते. सगळ्या सीझनमध्ये 117 होमरन, तीस टीममध्ये सर्वांत कमी. मे महिन्यात फिलाडेल्फियात त्याने मॅच एकट्याने शेवटपर्यंत टाकली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि आम्ही 1-0 ने हरलो. आपल्याकडे बोलर पन्नासला सहा विकेट काढतो आणि टीम पंचेचाळीसला गारद होते ना, तसं. वर्षभर.

वर त्या वर्षी एकेक प्रकार. उजवीकडच्या भिंतीवर क्लेमेंटेच्या 21 नंबरचं चिन्ह होतं. क्लेमेंटे म्हणजे इथलं दैवत. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत नेताना विमान पडून गेला. त्या चिन्हाच्या जागी दारूच्या ब्रँडची जाहिरात आली. लोक भडकले, टीमने माफी मागून चिन्ह परत लावलं. पहिल्या घरच्या मॅचला स्टेडियमवरून विमान गेलं, मागे फलक: टीम विका. सीझन संपला 71 जिंकून, 91 हरून.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्याकडे स्कीन्सचा 30 नंबरचा टीशर्ट आहे, तो घालूनच झोपते. तो बॉल टाकायला आला की ती सोफ्यावर उभी राहते. मी तिच्या शेजारी बसलेला असतो आणि खरं सांगतो, मी त्याचा बॉल बघत नसतो. मी मोजत असतो. सहा वर्षं 2029 ला संपतात. म्हणजे 2027 च्या आसपास विकायच्या गोष्टी सुरू होतील. आता त्याची किंमत काय येईल, बदल्यात कोण मिळेल. जगातल्या सर्वोत्तम पिचरकडे मी कॅलेंडरसारखा बघतो. हरण्याची चीड मला कधीच इतकी आली नाही, जितकी या सवयीची येते. हरलेली मॅच दुसऱ्या दिवशी विसरता येते. हे मोजणं जात नाही.

या हिवाळ्यात मात्र एक विचित्र गोष्ट झाली. टीमने पैसे काढले. रायन ओहर्न नावाच्या बॅटरला 2 वर्षांचे 2 कोटी 90 लाख डॉलर. बाहेरून बॅटर आणून त्याच्याशी एकापेक्षा जास्त वर्षांचा करार करायची ही जॉन जेसोनंतरची पहिलीच वेळ. तोच जेसो, डिसेंबर 2015 चा. मधे दहा वर्षं गेली. टॅम्पा बेहून ब्रँडन लाऊलाही आणला. आणि बातम्या होत्या की काइल श्वार्बरलाही, तोच तो, मोठी ऑफर दिली होती. तो फिलाडेल्फियातच राहिला, 5 वर्षं, 15 कोटी.

मी बातमी घेऊन धावत काकांकडे गेलो. म्हटलं, "बघा, घेतला!" ते म्हणाले, "कितीला?" सांगितलं. मग म्हणाले, "सोडणार कुणाला?" मला काही सुचलं नाही. बातमी चांगली होती आणि आम्ही दोघं तिच्यात खोट शोधत उभे होतो. श्वार्बरच्या ऑफरवर तर इथे अनेकांचं म्हणणं एकच: तो नाही म्हणणार हे माहीत होतं म्हणूनच दिली. खरं खोटं देव जाणे. पण विश्वास एकदा गेला की समोरच्याने खिशात हात घातला तरी आपण बघतो, बाहेर काय काढतोय.

पुढचं चित्रही धूसर आहे. मालक आणि खेळाडूंमधला करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय. मालकांपैकी अनेकांना पगारावर मर्यादा हवीय, युनियनला ती अजिबात नकोय. बंद पडू शकतं सगळं. मर्यादा आली तर आमचं भलं होईल असं वाटणारे इथे खूप आहेत. मला तेवढी खात्री नाही. खालची मर्यादा सोबत आली नाही, तर वरच्या मर्यादेने डॉजर्सचे पैसे वाचतील, एवढंच.

परवा मुलीने जेवताना विचारलं, "बाबा, स्कीन्स जाणार का?" शाळेत कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, अजून खूप वेळ आहे. तिने विचारलं, "खूप म्हणजे किती?" मी म्हटलं, "तू पाचवीत जाशील तोपर्यंत." ती खूश झाली. तिला पाचवी म्हणजे फार लांब वाटतं.

आई फोनवर म्हणते, "हरणाऱ्यांसाठी कशाला रे एवढे पैसे घालतोस?" तिला मी हे सगळं समजावून सांगत नाही. तिकिटं काढलीत. सीझनची नाही, सहा मॅचची. काकांसाठीही एक काढलंय, त्यांना अजून सांगितलं नाही. 2018 नंतर त्यांनी तो पूल ओलांडलेला नाही. नाही म्हणाले तर मुलीला पुढे करणार आहे. तिला वहीत नोंद कशी करायची ते शिकायचंय, आणि ते शिकवायला मला नीट येत नाही.

चला, एवढंच. तुमच्या टीमने तुम्हाला ऑफसीझनमध्ये सर्वांत जास्त कधी छळलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. दोन मिनिटांच्या आत. आरसीबीवाल्यांनो, तुमचा दुष्काळ 2025 ला संपलाय, तुम्ही रांगेत मागे. भेटू पुढच्या भागात.